शेवटचं द्रावण आणि सीलर: कॅनॉल भरण्याआधी काय धुवायचं, काय उरू द्यायचं

तुमचा प्रश्न असा आहे. रूट कॅनॉलला (दाताच्या मुळातल्या नळीला) फाइलने आकार देताना, म्हणजे इन्स्ट्रुमेंटेशनभर, ५.२५ टक्के हायपो (सोडियम हायपोक्लोराइट), मग कॅल्शियम ओढणारा १७ टक्के ईडीटीए आणि सर्वांत शेवटी जंतुनाशक २ टक्के क्लोरहेक्झिडिन हा तुमचा धुण्याचा क्रम बरीच वर्षं ठरलेला आहे. इतके दिवस इपॉक्सी रेझिनचा सीलर (भराव आणि कॅनॉलची भिंत यांमधली फट बुजवणारी लुकण) वापरत होतात, आता प्रीमिक्स्ड बायोसिरॅमिककडे (तयार मिसळून येणाऱ्या कॅल्शियम सिलिकेटच्या सीलरकडे) वळला आहात. एका व्याख्यानात ऐकलंत की हायपोमुळे सीलर धरत नाही, दुसऱ्यात ऐकलंत की ईडीटीएमुळे बायोसिरॅमिक नीट सेट होत नाही. पेपर पॉइंट (कॅनॉल टिपायची कागदी काडी) खडखडीत कोरडा येईपर्यंत सुकवायची सवय आहे, आणि अधूनमधून कॅनॉलच्या तोंडाशी नारिंगी-तपकिरी थर दिसतो. तर हा क्रम बदलायचा का, आणि बदलायचा तर कसा?

घाईत असाल तर एवढं पुरे: हायपो सोडू नका, ईडीटीए एका मिनिटाच्या आसपास ठेवा आणि नंतर भरपूर पाण्याने धुवा, क्लोरहेक्झिडिन या क्रमातून खुशाल काढा, आणि बायोसिरॅमिक भरताना कॅनॉल इतका सुकवू नका. सवड असेल तर पुढचं वाचा, कारण यातली प्रत्येक गोष्ट का, हे कळलं नाही तर पुढचा सीलर बाजारात आला की पुन्हा हाच प्रश्न पडेल.

दोन्ही वक्ते आपापल्या जागी खरंच बोलत होते. फक्त कुठल्या सीलरबद्दल बोलतोय हे सांगायचं राहून गेलं. 'सीलर' या एका नावाखाली निदान पाच वेगवेगळी रसायनं नांदतात आणि प्रत्येकाची सेट होण्याची रीत निराळी. एकासाठी जे द्रावण अडथळा, ते दुसऱ्यासाठी मदत ठरू शकतं. शिवाय सीलरची गाठ पडते ती शेवटच्या द्रावणाने मागे सोडलेल्या पृष्ठभागाशी. चुना सुटणाऱ्या भिंतीवर रंग दिला तर तो चुन्याला चिकटतो आणि चुन्याबरोबरच निघतो, तसंच इथे होतं.

डेंटिनमध्ये, म्हणजे कॅनॉलची भिंत ज्याची असते त्या दाताच्या आतल्या कठीण भागात, वजनाने साधारण ७० टक्के खनिज, २० टक्के सेंद्रिय भाग (मुख्यतः कोलॅजन) आणि १० टक्के पाणी असतं. आपली सगळी द्रावणं या तिघांपैकी कशावर तरी काम करतात. हायपो कोलॅजन खातो, ईडीटीए कॅल्शियम ओढतो, अल्कोहोल पाणी काढतो. फाइल फिरली की या सगळ्याचा चुरा भिंतीवर लिंपला जातो, तो स्मिअर लेअर. रूट कॅनॉलमधला हा थर १९७५ साली मॅककोम आणि स्मिथ यांनी दाखवून दिला. वरचा थर एक-दोन मायक्रॉनचाच असतो, पण त्याचे बूच ट्यूब्युलमध्ये (डेंटिनमधल्या सूक्ष्म नळ्यांमध्ये) ४० मायक्रॉनपर्यंत आत गेलेले आढळतात. सीलरची पकड याच थरावर राहिली, तर पुढे थर विरघळला किंवा जंतूंनी पोखरला की तिथेच फट पडते.

आता हायपो. याच्यावरचा आरोप नीट तपासायला हवा, कारण अर्धाच खरा आहे. सोडियम हायपोक्लोराइट ऑक्सिडायझर आहे. तो वापरल्यावर डेंटिनमध्ये ऑक्सिजन आणि ऑक्सिडायझिंग अवशेष राहतात. मेथॅक्रिलेट रेझिन फ्री रॅडिकलच्या साखळीने घट्ट होतं, आणि ऑक्सिजन ती साखळी मध्येच तोडतो. त्यामुळे मेथॅक्रिलेटवर आधारित सीलर, तसंच फायबर पोस्टचे (आधारासाठी मुळात बसवायच्या काडीचे) रेझिन सिमेंट आणि कोअरचे (त्यावरच्या भरावाचे) बाँडिंग एजंट, यांची पकड हायपोनंतर घसरते हे पुष्कळ प्रयोगांत दिसलं आहे. सोडियम अ‍ॅस्कॉर्बेटसारखा रिड्युसिंग एजंट लावला की ती बऱ्यापैकी परत येते, म्हणजे कारण ऑक्सिडेशनच आहे हेही पटतं. हायड्रोजन पेरॉक्साइडचंही तेच. हायपो आणि पेरॉक्साइड आलटून पालटून मारून फेस आणायची जुनी पद्धत अजून कुठे चालू असेल तर ती बंद करायला हे एक कारण पुरेसं आहे.

पण एएच प्लससारखा इपॉक्सी सीलर फ्री रॅडिकलने सेट होतच नाही. तिथे इपॉक्साइड आणि अमाइन एकमेकांशी जोडले जातात, आणि ऑक्सिजन त्यात पडत नाही. त्यामुळे 'हायपोने रेझिन सेट होत नाही' हे वाक्य मेथॅक्रिलेटवरून उचलून इपॉक्सीला चिकटवणं चूक आहे. इपॉक्सीच्या बाबतीत हायपोचा परिणाम वेगळ्या वाटेने येतो. इपॉक्साइडची वलयं उघडून कोलॅजनच्या अमाइन गटांशी जोडली जातात, आणि डेंटिनवर या सीलरची पकड चांगली असण्याचं एक कारण ते मानलं जातं. ईडीटीएने खनिज काढून कोलॅजन उघडं केलं आणि त्यावर पुन्हा तीव्र हायपो बराच वेळ ठेवला, तर ज्याला पकडायचं तेच आपण खाऊन टाकतो.

याच क्रमाचा दुसरा तोटा म्हणजे झीज. खनिजाच्या आवरणात असलेलं कोलॅजन हायपोपासून काहीसं सुरक्षित असतं. ईडीटीएने ते आवरण निघालं की त्यानंतरचा हायपो डेंटिन वेगाने पोखरतो. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ट्यूब्युलची तोंडं फनेलसारखी रुंदावलेली, काही ठिकाणी एकमेकांत मिसळलेली दिसतात. मजबुतीच्या दृष्टीनेही हे बरं नाही. तीव्र हायपो जास्त वेळ राहिला तर डेंटिनची वाकताना टिकून राहायची ताकद कमी होते. ईडीटीएनंतर पुन्हा हायपो द्यावा असं म्हणणाऱ्यांची बाजू अशी की ट्यूब्युल उघडल्यावरच हायपो खरा आत पोहोचतो. जंतुसंसर्ग जुना असेल, पेरिअ‍ॅपिकल लेजन (मुळाच्या टोकाभोवतीची इजा) मोठं असेल, तर ही बाजू मला मान्य आहे. मात्र तेव्हा हायपो पातळ असावा, थोडाच वेळ राहावा आणि त्यानंतर पाण्याने धुणं आलंच पाहिजे. जिवंत पल्पच्या (दाताच्या आतल्या मऊ ऊतकाच्या) केसमध्ये मला त्याची गरज वाटत नाही.

सीलरची पकड वाढावी म्हणून हायपोच कमी करणं, हा उलटा हिशेब आहे. मृत ऊतक विरघळवण्याचं काम हायपोइतकं दुसरं कुठलंही द्रावण करत नाही. क्लोरहेक्झिडिन तर ऊतक विरघळवतच नाही. इस्थमसमध्ये (दोन कॅनॉलना जोडणाऱ्या अरुंद फटीत) पल्पचे धागे शिल्लक असतील तर सीलर तिथे पोहोचणारच नाही, मग त्याची पकड किती मेगापास्कल हा प्रश्न उरत नाही.

ईडीटीए रूट कॅनॉलमध्ये आणला निगार्ड-ओस्त्बी यांनी, १९५७ साली. त्याचं काम कॅल्शियमला कवटाळून खनिज सोडवणं. १७ टक्क्यांचं द्रावण एक मिनिट कॅनॉलमध्ये राहिलं तर स्मिअर लेअर निघायला पुरेसं असतं. दहा मिनिटं ठेवलं की पेरिट्यूब्युलर (ट्यूब्युलभोवतीच्या) आणि इंटरट्यूब्युलर (ट्यूब्युलांच्या मधल्या) दोन्ही डेंटिनची झीज दिसते. म्हणून ईडीटीए भरून ठेवून एक्स-रे बघायला जायची सवय असेल तर ती मोडा. इपॉक्सी सीलरसाठी ईडीटीए मित्रच आहे. ट्यूब्युल मोकळे होतात, सीलर आत सरकतो, कोलॅजन उघडं मिळतं. ट्यूब्युलमध्ये गेलेले रेझिनचे टॅग फोटोत फार देखणे दिसतात. पण टॅग लांब म्हणजे गळती कमी असा सरळ हिशेब प्रयोगांत सापडत नाही, त्यामुळे कंपनीच्या पुस्तिकेतल्या त्या फोटोंवर फार भाळू नका.

हायपो आणि ईडीटीए एकत्र मिसळू नयेत हे तुम्हाला ठाऊक असेल, तरी कारण सांगतो, कारण चेअरवर ही चूक सर्रास होते. मिश्रणात ईडीटीएची कॅल्शियम ओढायची ताकद बहुतांश टिकते, पण हायपोतलं मुक्त क्लोरीन बघता बघता संपतं. म्हणजे कॅनॉलमध्ये हायपो शिल्लक असताना ईडीटीए टाकला तर ईडीटीए काम करतो आणि हायपो मरतो. उलट क्रमात तर नवा हायपोच वाया जातो. मध्ये सक्शन आणि थोडं सलाइन, एवढ्याने भागतं.

बायोसिरॅमिकच्या बाबतीत मात्र ईडीटीएशी जपूनच वागावं लागतं. हे सीलर कॅल्शियम सिलिकेटचे. पाण्याशी संयोग होऊन त्यातून कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होतं, आणि त्यांचे सगळे गुण कॅल्शियम बाहेर पडण्यावर चालतात: उच्च पीएच, डेंटिनच्या कडेला खनिजाचा थर जमणं, फॉस्फेटच्या सान्निध्यात अ‍ॅपटाइट (दातात असतं तसं खनिज) तयार होणं. ईडीटीएचं तर कामच कॅल्शियम पकडणं. एमटीए या कॅल्शियम सिलिकेटच्या सिमेंटवर झालेल्या कामात असं दिसलं की ईडीटीए शिल्लक असेल तर हायड्रेशन बिघडतं, कॅल्शियम हायड्रॉक्साइड नीट तयार होत नाही आणि सिमेंट मऊ राहतं. सीलरचं रसायन त्याच घराण्यातलं असल्यामुळे हा इशारा इथेही लागू धरावा. तुमच्या दुसऱ्या वक्त्याचा मुद्दा हाच असणार. पण दोष उरलेल्या ईडीटीएचा आहे. ज्याने आपलं काम केलं आणि जो धुऊन निघाला, त्याच्यावर ठपका ठेवायचं कारण नाही.

एक खोच तरीही उरते. ईडीटीएने धुतलेल्या भिंतीवर कॅल्शियमच कमी राहतं, आणि ज्या सीलरला खनिजाशीच जोडायचं आहे त्याच्यासाठी ही गोष्ट अनुकूल नाही. म्हणूनच बायोसिरॅमिकवरचे पुश-आउटचे (भराव ढकलून पकड मोजायच्या चाचणीचे) निकाल आपसांत जुळत नाहीत. काहींत ईडीटीएने पकड वाढते, काहींत घटते. स्मिअर लेअर ठेवावा म्हणणारेही आहेत. माझं मत असं की संसर्ग झालेल्या कॅनॉलमध्ये स्मिअर लेअर म्हणजे जंतू आणि त्यांच्या अन्नाचा साठा. पकडीचे अर्धे-पाऊण मेगापास्कल वाचवायला तो तिथे ठेवणं मला पटत नाही. एक मिनिट ईडीटीए, आणि मग एका कॅनॉलला किमान पाच मिलिलिटर सलाइन किंवा डिस्टिल्ड वॉटर. फॉस्फेट बफर्ड सलाइन शेवटी द्यावं, म्हणजे अ‍ॅपटाइटला फॉस्फेट मिळेल, अशीही सूचना वाचाल. तर्काला ती धरून आहे, पण ते नसलं तर काही अडत नाही.

आम्लधर्मी द्रावणांचंही असंच. १० टक्के सायट्रिक अ‍ॅसिड किंवा २००३ मध्ये आलेलं एमटीएडी, ज्यात डॉक्सिसायक्लिन, सायट्रिक अ‍ॅसिड आणि डिटर्जंट असतं, स्मिअर लेअर उत्तम काढतात. पण कॅल्शियम सिलिकेटला आम्ल मानवत नाही. आम्लात सेट झालेलं हे सिमेंट जास्त सच्छिद्र आणि कमी कडक होतं. वापरलंत तर धुण्यात कंजुषी नको.

या ओढाताणीतून एक वेगळी वाट एचईडीपीची, म्हणजे एटिड्रॉनिक अ‍ॅसिडची. हा सौम्य चेलेटर (कॅल्शियमसारखे धातू पकडणारा) हायपोतच मिसळता येतो आणि हायपोचं क्लोरीन लगेच संपवत नाही. त्यामुळे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच द्रावण वापरता येतं. स्मिअर लेअर साचायच्या आधीच निघत जातो आणि शेवटच्या ईडीटीएच्या धक्क्याने होणारी झीज टळते. दोन अटी: मिश्रण वापरायच्या अगदी आधी करायचं आणि तासाभरात संपवायचं. बायोसिरॅमिक नियमित वापरणाऱ्यांनी हा पर्याय नक्की पाहावा.

आता तुमच्या नारिंगी-तपकिरी थराकडे येतो. हायपो आणि क्लोरहेक्झिडिन भेटले की तत्क्षणी हा गाळ तयार होतो. त्यात पॅराक्लोरोअ‍ॅनिलिन हे विषारी संयुग आहे की नाही, यावर बरीच वर्षं वाद चालला. २००७ मधल्या कामात ते असल्याचं सांगितलं गेलं, नंतरच्या काही विश्लेषणांत ते सापडलं नाही आणि त्याच्याशी नातं सांगणारी दुसरी संयुगं सापडली. विषारीपणाचा वाद क्षणभर बाजूला ठेवला तरी सीलरच्या दृष्टीने मामला स्पष्ट आहे: हा गाळ भिंतीवर चिकटतो, ट्यूब्युलची तोंडं बुजवतो आणि दाताला रंग चढवतो. ईडीटीएने मोकळी केलेली तोंडं आपणच पुन्हा बंद केली, असं होतं. ईडीटीए आणि क्लोरहेक्झिडिन भेटले तर पांढरा, दुधाळ गाळ होतो. तो क्षारासारखा आहे, घातक नाही, पण थर तो थरच. तुमच्या क्रमात ईडीटीए मध्ये आहे म्हणून हायपोची क्लोरहेक्झिडिनशी गाठ पडत नाही असं समजू नका. ट्यूब्युलमध्ये आणि फाटे फुटलेल्या जागी हायपो शिल्लक असतोच. तुमचा डाग याची साक्ष आहे.

क्लोरहेक्झिडिनच्या बाजूनेही बोलतो. ते डेंटिनला धरून राहतं आणि काही काळ जंतुरोधक परिणाम देतं. कोलॅजन तोडणारी एमएमपी एन्झाइम्स ते रोखतं, त्यामुळे रेझिनची जोडणी दीर्घकाळ टिकायला त्याची मदत होते. इपॉक्सी सीलरच्या पकडीला शेवटच्या क्लोरहेक्झिडिनने धक्का लागल्याचं सहसा दिसत नाही. तेव्हा इपॉक्सी वापरत होतात तोवर तुमचा क्रम, मधलं धुणं सोडलं तर, वाईट नव्हता. बायोसिरॅमिकबरोबर मात्र मला ते ठेवायचं कारण दिसत नाही. उच्च पीएचमध्ये क्लोरहेक्झिडिन स्वतःच द्रावणातून बाहेर पडतं, आणि सीलर सेट होताना पीएच ११-१२ च्या घरात नेतो. म्हणजे जंतुरोधक म्हणून जे आत ठेवलं ते निकामी व्हायची शक्यता, आणि सीलर तर स्वतः अल्कलाइन असल्यामुळे तेच काम थोडंफार करतोच. वापरायचंच असेल तर आधी ईडीटीए, मग भरपूर सलाइन, मग क्लोरहेक्झिडिन, आणि पुन्हा सलाइन. एवढा खटाटोप करून काय मिळालं, हे ज्याने त्याने ठरवावं. क्युमिक्समध्ये ईडीटीए, क्लोरहेक्झिडिन आणि डिटर्जंट एकत्र असतात. तिथेही आधीचा हायपो धुवायला लागतोच.

सुकवण्याचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण सीलर बदलल्यावर सर्वांत मोठा फरक इथे पडतो आणि चर्चा मात्र द्रावणांचीच होते. इपॉक्सी रेझिन पाण्याला फटकून असतं. त्यासाठी पेपर पॉइंटने कोरडा केलेला कॅनॉल ठीक. शेवटी ९५ टक्के अल्कोहोल दिलं तर पृष्ठभाग अधिक सुकतो आणि सीलर ट्यूब्युलमध्ये चांगला शिरतो असंही दिसलं आहे. प्रीमिक्स्ड बायोसिरॅमिक सिरिंजमध्ये सेट होऊ नये म्हणून मुळातच पाण्याविना बनवलेला असतो. त्याला लागणारं पाणी तो ट्यूब्युलमधून घेतो. तेच आपण अल्कोहोलने ओढून काढलं तर तो सेट कशाने होणार? एण्डोसीक्वेन्स बीसी सीलरच्या माहितीपत्रकात सेटिंगला चार तास दिलेत, आणि फार कोरड्या कॅनॉलमध्ये दहा तासांहून जास्त असंही सांगितलंय. प्रयोगशाळेत स्वतंत्रपणे मोजलं तेव्हा काहींना कित्येक दिवस लागलेले दिसले. तुमची खडखडीत कोरडा पेपर पॉइंट आणायची सवय इपॉक्सीच्या काळातली आहे. तिला इथे आळा घालावा लागेल.

म्हणून कॅनॉलमध्ये पाणी साचलेलं चालेल असं नाही. पाणी जास्त झालं तर सेट झालेला सीलर मऊ राहतो, आणि अ‍ॅपेक्सपाशी (मुळाच्या टोकाशी) सीलर पातळ होऊन वाहून जातो. मी करतो ते असं: बारीक सक्शन टिपने कॅनॉल रिकामा करायचा, मग मास्टर फाइलच्या (पूर्ण लांबीपर्यंत गेलेल्या सर्वांत जाड फाइलच्या) मापाचा एक पेपर पॉइंट, फार तर दोन. शेवटच्या पॉइंटच्या टोकाला ओल दिसावी, पण तो भिजून लिबलिबीत होऊ नये. वाकडे-तिकडे, अंडाकृती कॅनॉल असतील तर एखादा जास्त लागेल. हवेची थ्री-वे सिरिंज कॅनॉलमध्ये मारायची नाही, हे सांगायची गरज नसावी.

प्रीमिक्स्ड आणि पावडर-लिक्विड यांतही फरक करा. बायोरूट आरसीएससारखे पावडर-लिक्विड सीलर आपलं पाणी सोबत घेऊन येतात, त्यामुळे कॅनॉलच्या ओलीवर त्यांचं तितकं अडत नाही. आणि नावावर जाऊ नका. एमटीए फिलापेक्समध्ये एमटीए आहे खरं, पण त्याचा पाया सॅलिसिलेट रेझिनचा आहे. त्याची वागणूक बायोसिरॅमिक धरून ठरवली तर फसाल.

झिंक ऑक्साइड युजेनॉल अजून पुष्कळ जण वापरतात, म्हणून दोन शब्द. ते युजेनॉलने झिंकला चेलेट करून सेट होतं. उरलेला ईडीटीए झिंकलाही पकडतो, तेव्हा धुणं इथेही हवंच. ओल असेल तर हा सीलर भराभर सेट होतो. आधीच्या भेटीत औषध म्हणून ठेवलेलं कॅल्शियम हायड्रॉक्साइड भिंतीवर शिल्लक असेल तर युजेनॉल झिंक सोडून त्याच्याशी लग्न लावतं आणि तिथला सीलर ठिसूळ, दाणेदार होतो. कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे अवशेष तसे सगळ्याच सीलरच्या वाटेत येतात. नुसत्या सुईने ते निघत नाहीत. ईडीटीए किंवा सायट्रिक अ‍ॅसिड आणि त्याबरोबर अल्ट्रासोनिक किंवा सोनिक हालचाल, हे दोन्ही लागतं, आणि तरी अ‍ॅपिकल भागात थोडं उरतंच. सिलिकॉनवर आधारित सीलर डेंटिनला रासायनिक रीतीने धरत नाहीत, म्हणून त्यांच्या बाबतीत स्वच्छ आणि गाळमुक्त भिंत एवढीच अपेक्षा.

आता आकड्यांविषयी. पुश-आउट चाचणीत मुळाची साधारण एक मिलिमीटरची चकती कापून मधला भराव दाबून ढकलतात आणि किती जोर लागला ते मेगापास्कलमध्ये मोजतात. दात बहुतेक सरळ, एका मुळाचे. कॅनॉल बऱ्याचदा ड्रिलने गोल केलेला. कधी सीलर एकटाच भरलेला, गटापर्चाविना (कॅनॉल भरायच्या रबरासारख्या पदार्थाविना). द्रावणाची मात्रा, वेळ, सुकवणं प्रत्येकाचं वेगळं. मग एका गटाला हायपोने पकड वाढलेली दिसते आणि दुसऱ्याला घटलेली, यात नवल नाही. आयएसओ ६८७६ या मानकातही सीलर निदान १७ मिलिमीटर पसरला पाहिजे, फिल्म ५० मायक्रॉनहून जाड नको, विरघळणं ३ टक्क्यांहून जास्त नको, अशा गोष्टी तपासतात. शेवटचं द्रावण कोणतं होतं हा प्रश्न त्यात येत नाही.

पकडीच्या आकड्यांमागे धावण्याचं उदाहरण आपल्याच काळातलं आहे. २००४ च्या सुमारास रेझिलॉन हे कॅनॉल भरायचं साहित्य आलं. कोअर (मधला भराव), सीलर आणि डेंटिन यांचा एकसंध मोनोब्लॉक करणार अशी मोठी हवा होती. मेथॅक्रिलेट सीलर असल्यामुळे हायपोचं करायचं काय, ईडीटीए शेवटी कसा द्यायचा, यावर तेव्हा पुष्कळ शाई सांडली. अडचण द्रावणाच्या पलीकडची होती. रूट कॅनॉलसारख्या अरुंद, लांब पोकळीत चिकटलेला पृष्ठभाग मोकळ्या पृष्ठभागाच्या हजारपट असू शकतो. रेझिन आकसतं तेव्हा ताण मोकळा व्हायला जागाच नसते, आणि जोडणी कुठेतरी सुटते. शिवाय ते पॉलिमर कालांतराने विघटित होत गेलं. दीर्घकाळ पाहिल्यावर गटापर्चाच्या तुलनेत त्या केसेस जास्त फसलेल्या दिसल्या, आणि ते बाजारातून गेलं.

त्यामुळे माझ्या लेखी क्रम असा लागतो: आधी जंतू आणि ऊतक, मग कॅनॉलची लांबी आणि भराव पोकळीविना, मग वरचं कोरोनल सील, आणि या तिघांनंतर शेवटच्या द्रावणाचा सीलरवरचा परिणाम. चौथ्या जागी असला तरी तो फुकटात सुधारता येतो, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष करू नये. लागतं काय, तर दोन सिरिंज आणि दोन मिनिटं.

तुमच्यापुरतं बसवून देतो. आकार देताना हायपो, ३० गेजच्या साइड-व्हेंट (बाजूला भोक असलेल्या) सुईने, वर्किंग लेंग्थपेक्षा (कॅनॉलच्या मोजलेल्या लांबीपेक्षा) एक-दोन मिलिमीटर अलीकडे, सुई अडकू न देता. आकार झाल्यावर हायपो अल्ट्रासोनिकने हलवा, कारण अ‍ॅपिकल भागात हवेचा बुडबुडा अडकला की द्रावण तिथे पोहोचतच नाही आणि मग सीलरची चर्चा निरर्थक. सक्शन, थोडं सलाइन. ईडीटीए एक मिनिट, तोही हलवून. मग सलाइन किंवा डिस्टिल्ड वॉटर, हात आखडता न घेता. संसर्ग जुना असेल तर इथे पातळ हायपो अर्धा मिनिट आणि पुन्हा पाणी. बायोसिरॅमिक असेल तर सक्शन आणि एक-दोन पेपर पॉइंट. पुन्हा कधी इपॉक्सीकडे गेलात तर नीट कोरडं करा, हवं तर अल्कोहोल द्या. क्लोरहेक्झिडिनची बाटली रीट्रीटमेंटच्या निवडक केसेससाठी ठेवा.

दोन गोष्टी विचारल्या नाहीत, पण इथेच लागून येतात. गटापर्चा कोन आपण ५.२५ टक्के हायपोत मिनिटभर बुडवून निर्जंतुक करतो. तो तसाच वाळू दिला तर त्याच्यावर क्लोराइडचे स्फटिक जमतात आणि कोन व सीलर यांच्यामध्ये तेच बसतात. डिस्टिल्ड वॉटर किंवा अल्कोहोलमधून एकदा काढला की जातात. बायोसिरॅमिकसाठी मी पाणीच वापरतो. दुसरी गोष्ट फायबर पोस्टची. पोस्ट बसणार हे आधीच ठरलं असेल तर युजेनॉलचा सीलर टाळा, कारण युजेनॉल रेझिनची साखळी मोडतं. आणि पोस्टची जागा केल्यावर शेवटी हायपो मारून लगेच बाँडिंग करू नका. ईडीटीए, मग पाणी. हायपो द्यावाच लागला, तर १० टक्के सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट त्या वेळी ताजं करून लावा आणि धुवा. करून ठेवलेलं द्रावण लवकर निकामी होतं.